आठवा धडा

— अगो, चुकीच्या दिवशी नाही आलीस तू, मंगळवारच आहे, खोली पण हीच, ही बघ फळ्यावर अजून मागच्या आठवड्याची बॅटरी काढलेली आहे — बस ना, त्या खुर्चीवर बस, ती हलत नाही. आणि मराठी आहेस हे आधी नाही का सांगायचं? मी आपली अर्धा तास तुझ्यासमोर मोडकं अरबी, त्याहून मोडकं इंग्लिश — आणि तू फोनवर आईला म्हणतेस, 'अगं जेवले मी, किती वेळा विचारशील' — माझ्या अंगावर काटाच आला. विभा ना? पुण्याची? असू दे, असू दे, कुणीतरी पुण्याचं असायलाच हवं. मी मैमुना. दापोलीच्या खालच्या अंगाला गाव आमचं, समुद्राला लागून. तीस वर्षं झाली इथे हुफूफला, आमच्या उमैरच्या अब्बांचं — हुसेनमियाँ म्हणतात सगळे — गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे बाजारात. तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना? माझ्या धाकटीएवढी आहेस. खजूर घे. नको काय? तपासायला आलीस म्हणून खायचं नाही असं कुठे आहे? — बरं, कॉलेजने रियाधच्या कंपनीला काम दिलं, कंपनीने तुला धाडलं. म्हणजे तपासायलाच की. तपासणाऱ्याने पण हुफूफला येऊन खजूर नाही म्हणू नये. हां, असं. बी त्या बशीत टाक.

आता बाकीच्या कुठे ते विचारतेस ना? सांगते, एकेकीचं सांगते. इस्मत — खेडची आहे ती, आमच्याच बाजूची — तिच्या मांजराला ताप. येतो गो मांजराला ताप, का नाही येणार? अफशाँचं इकाम्याचं, राहण्याच्या परवान्याचं काम निघालं, ऑफिसात रांग लावून उभी आहे बिचारी. टीचर — सफूराबाई, इथल्याच आहेत, अल-अहसाच्या, शिकलेल्या इंजिनिअर — त्यांची दाढ. आणि उम्म सालेह म्हणून एक आजी आहेत, त्यांच्याकडे बकरी व्यायली. आज सकाळीच. — काय? मागच्या सत्रातही आठव्या आठवड्यात बकरीच व्यायली होती? कुठे लिहिलंय? — या अल्ला, हे सगळं लिहून ठेवता होय तुम्ही? त्याच्या आधी पण? बरं, मग — तिच्या बकरीला कॅलेंडर कळतं असं समज. आणि सफूराबाईंची दाढ तर — सहा सत्रं, सहा दाढा — माणसाला बत्तीस दात असतात बाय, अजून पुष्कळ शिल्लक आहेत.

हसू नकोस. म्हणजे हस, पण लिहू नकोस. — दाखव बघू, त्या टॅबच्या पडद्यावर काय आहे ते. हा काय डोंगर? हां, ही आमची हजेरी. पहिला आठवडा बारापैकी बारा, दुसरा बारा, तिसरा बारा — बघ, सातव्यापर्यंत एक खाडा नाही, असा वर्ग आहे का गो दुसरा या अख्ख्या कॉलेजात? — आणि आठव्याला? हां. शून्य. एकदम दरी. आणि मग पुढचं सत्र, पुन्हा डोंगर. सहा डोंगर, सहा दऱ्या. — छान दिसतं, आमच्या दापोलीच्या घाटासारखं. — नाही, मस्करी नाही करत मी. बोल, ऐकते. — म्हणजे सहा सत्रांत एकीनेही वर्ग पूर्ण केला नाही, म्हणून रियाधला लाल रंगात दिसतं. या वेळीही शून्यच आलं तर — तर काय? — बंद? वर्गच बंद? खोली जाणार, टीचर जाणार, सगळं? आणि हे कोण ठरवतं? — कम्प्युटर. सातव्यांदा शून्य दिसलं की तो आपोआप बंद करतो, कुणाला विचारतसुद्धा नाही. आणि एक असला तर? — एक जरी असली तरी माणसाने बघावं लागतं. माणूस म्हणजे तू. बरं. बरं. थांब, जरा पाणी पिते.

हे बघ विभा, तिकडे रियाधला बसून तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, तुम्हाला इथलं काय दिसणार? मी सांगते हा वर्ग कसा चालतो ते. क्रेडिट नाही, मार्क नाहीत, परीक्षा नाही. डिप्लोमावाल्या पोरी समोरच्या इमारतीत जातात, त्या वर बघत पण नाहीत आमच्याकडे. आम्ही आपल्या मागच्या बाजूला, 'महिलांसाठी मोटार-देखभाल, आठ आठवडे'. खोली कॉलेजची. टीचरचा पगार त्या कुठल्याशा समाजसेवेच्या फंडातून — तुलाच ठाऊक. बाहेर ती जुनी कॅमरी उभी आहे ना, बॉनेट नसलेली, ती एका खजूरवाल्या शेखने दिली सरावाला. बॉनेट होतं आधी, पहिल्या सत्रात आम्ही काढलं, मग परत बसेना. जॅक आणि पाने आमच्या दुकानातले — म्हणजे दिले नाहीत त्यांनी, मी आणले. पिशवीतून. दुकानात मुनाफ म्हणून जुना माणूस आहे, माझ्याहून मोठा, तीन वर्षं झाली उमैरचे अब्बा त्यालाच विचारतात, 'जॅक कुठे घातलास?' — आणि तो पण देवमाणूस, आता म्हणतो, 'असेल कुठेतरी, माझ्याच हातून गेला असेल.' त्याला दर ईदेला मी वेगळा शिरखुर्मा पाठवते, ते याचसाठी. — हे लिहिलंस का तू? खोड. खोड ते.

तर आम्हाला फी नाही. जागा फुकट. पण नियम असा, की ज्या बाईला सर्टिफिकेट मिळालं, तिची फुकट जागा संपली, तिला पुन्हा या वर्गात नाव घालता येत नाही. का? तर म्हणे दुसऱ्या बायांना संधी. आता सर्टिफिकेट कधी मिळतं? आठही धडे झाले की. आणि आठवा धडा कुठला? टायर बदलणे. म्हणजे सात धडे झाले आणि आठव्या दिवशी बाई आजारी पडली, तर वर्ग अपुरा राहिला. अपुरा राहिला की पुढच्या सत्रात पुन्हा नाव घाल, पुन्हा पहिल्यापासून — आता हे मी का सांगतेय तुला? मी काही म्हटलं नाही हां. मी नुसता नियम सांगितला. आजार काय कुणी ठरवून पडतं?

— माझा फोन वाजला का? राहू दे, व्हॉट्सॲप असेल. — तू बघितलंस? काय बघितलंस? — अगो, फोटो आहे तो, जुना असेल — ही इस्मत मेली कुठेही कसलाही फोटो — आज काढलेला दिसत नाही, बघ, म्हणजे तारीख — बरं. बरं बाई. आजचाच आहे. हो, ही इस्मत, मधे. मांजर? मांजर बरं आहे. ही अफशाँ, इकाम्याच्या रांगेत नाही, भाताच्या ताटावर आहे, दिसतंय ते. ही — हो, सफूराबाई. दोन्ही गालांनी खातायत. एकूण अकरा जणी नि टीचर, मोजल्यास? आणि घर उम्म सालेहचं. — बकरी? बकरी ना — ती मधल्या ताटात आहे.

झालं. खलास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. — आता ऐक, सगळं सांगते, मग तुला काय लिहायचं ते लिही. आठव्या आठवड्याला आम्ही उम्म सालेहकडे जेवतो. सत्र संपलं म्हणून नाही, संपलं नाही म्हणून. आणि चिठ्ठ्या टाकतो, एकीने इथे थांबायचं, कुणी आलं-गेलं तर 'आज सगळ्या आजारी' म्हणून सांगायचं. सहा सत्रांत कुत्रं फिरकलं नाही. या खेपेला चिठ्ठी माझी निघाली नि तू आलीस. इस्मतला म्हटलंच होतं मी, आजार जरा बदलत जा गो, दर वेळी मांजर काय! तर म्हणाली, 'वाचतंय कोण?'

— टायर बदलायला भीती वाटते म्हणून नाही येत? आम्ही? अगो, दुसऱ्याच सत्रात शिकलो आम्ही, तिसऱ्या आठवड्यात, दार लावून. वहीत नाही लिहिलं एवढंच. उम्म सालेह सत्तरीच्या आहेत, नऊ मिनिटांत बदलतात. गाडी चालवता येत नाही त्यांना. मला तरी कुठे येते! दुरुस्त करणाऱ्याला चालवता आलीच पाहिजे असं कुठे आहे? — मग का? 'मग का' काय विचारतेस.

तू सांग, तू रियाधला किती वर्षं? चार. नोकरी आहे, गाडी आहे, स्वतः चालवत आलीस एवढ्या लांब. छान केलंस. मी बावीस वर्षांची आले इथे. सव्वीस-सत्तावीस वर्षं कशी गेली सांगू? पोरं, स्वयंपाक, आणि संध्याकाळी उमैरचे अब्बा दुकानातून आले की त्यांच्याबरोबर बाजार. वाईट काही नाही गो, माणूस लाख मोलाचा. पण मैमुना कुणी ओळखत नव्हतं. उमैरची अम्मी, हुसेनमियाँची बायको. मग उमैर गेला कॅनडाला, धाकटी लग्न होऊन चिपळूणला, आणि मी दुपारी फ्रीजशी बोलायला लागले. खरंच सांगते, त्या फ्रीजला मी नाव ठेवलं होतं. नाही सांगणार नाव. — आणि शाळेचं म्हणशील, तर मी सातवी नापास. गणितात. आमच्या मास्तरांनी वर्गात नाव वाचून सांगितलं होतं, 'मैमुना, चूल बरी.' म्हणून हा वर्ग निघाला आणि वर लिहिलेलं वाचलं, परीक्षा नाही, मार्क नाहीत, तेव्हा पाय उचलला. नापास करणारच नाहीत म्हटल्यावर माणूस किती शिकतं बघ! मला आता इंजिनचा आवाज ऐकून सांगता येतं कुठला प्लग गेलाय ते. पण सर्टिफिकेट घेतलं की मंगळवार गेला. नको मला सर्टिफिकेट. मला मंगळवार पाहिजे.

— हुसेनमियाँना काय ठाऊक? काहीच नाही. त्यांना वाटतं मी केक शिकते. आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगते. हा वर्ग निघाल्याचं कळलं ना, तेव्हा आमच्या लोकांत, चाळीस माणसांत, पाटावर बसल्यासारखे ऐटीत म्हणाले, 'बायका टायर बदलायला लागल्या तर मी महिनाभर भाकऱ्या थापीन.' सगळे हसले. मी पण हसले. दुसऱ्या दिवशी येऊन नाव घातलं, आणि घरी सांगितलं, बेकिंगचा वर्ग आहे. झाली ना पंचाईत! आता दर मंगळवारी केक न्यायला नको? कोपऱ्यावरच्या बेकरीतून घेते, खोका बदलते, वरचं फूल जरा बोटाने बिघडवते म्हणजे घरचा वाटतो. पहिल्या दिवशी खाल्ला नि म्हणाले, 'बरा आहे, हात बसायला वेळ लागेल.' दुसऱ्या वर्षी म्हणाले, 'आता बसला हो तुझा हात.' बेकरीवालाच बदलला होता मधे. आणि नखात ग्रीस दिसलं की मी सांगते, चॉकलेट. तीन वर्षं चॉकलेट. एकदा बोट चाटायला निघाले होते, या अल्ला, मी ओरडले, 'गरम आहे!' — हा काय खोका, टेबलावर. आजचा केक. कापू का तुला?

नको? निघालीस? अगो, अशी कशी — रागावलीस का? थांब, मी येते गाडीपर्यंत. हे बघ, मी तुला लाच म्हणून केक नाही विचारला हां, भूक लागली असेल म्हणून विचारला. लिहायचं ते लिही, पण बाकीच्यांची नावं लिहू नको, चिठ्ठी माझी होती, माझं लिही. ऊन बघ अजून कसं आहे. कुठली तुझी? ती पांढरी? — विभा. ती पांढरीच ना? मागचा डावा टायर बघ. बघ तर खरी वाकून. बसलाय. पार जमिनीला टेकलाय. — पंक्चर. खिळा आहे, हा बघ, मोठा, डोक्याला लाल रंग लावलेला. — लाल रंग का? असाच. खिळ्यांना — बरं, आमचाच आहे तो. सहाव्या धड्याला पंक्चर शोधायचं असतं, त्यासाठी सफूराबाई रंगवून आणतात, म्हणजे हरवू नयेत म्हणून. एक हरवला होता.

कंपनीला फोन लावलास? काय म्हणतात? — दोन तास? दोन तासांनी माणूस येणार, मग तू निघणार, मग रियाधला पोचायला रात्र. नको गो, एकटी पोर. गेटवरचा हारिस, पहारेकरी? तो आत नाही यायचा, बायकांचं आवार आहे हे. — तूच बदलशील? कधी बदललायस? व्हिडिओत बघितलंस. — हो, मी बाजूला उभी राहते, मी काही हात लावणार नाही, मला काय कळतं त्यातलं, मी आपली केक — जॅक तिथे नाही गो लावायचा! पत्रा फाटेल! जरा पुढे, तिथे खाच आहे बघ. आणि आधी हॅन्डब्रेक? ओढलाय? आणि नट आधी सैल नको का करायला, गाडी वर उचलल्यावर चाक गरगर फिरेल नि पाना तोंडावर बसेल — सर. सर बाजूला. बघवत नाही मला.

बुरखा धर जरा माझा मागून, हां, खोचते. तो दगड आण, पुढच्या उजव्या चाकाला लाव, म्हणजे घसरणार नाही. पाना दे. आता नट नुसते सैल करायचे, अर्धा फेरा, काढायचे नाहीत. हाताने नाही जात? मग पाय कशाला दिलेत अल्लाने? पान्यावर उभं राहायचं, असं — हां, ओरडला बघ. एक. दोन. हा घट्ट आहे मेला, मशीनने आवळलेला. चार, पाच. आता जॅक, आता उचल. उचल, उचल, चाक सुटं फिरलं पाहिजे — बस. नट काढून कशात ठेवू? त्या तुझ्या कॉफीच्या कपात. रिकामा आहे ना? जमिनीवर ठेवू नये कधी, इस्मतने ठेवला होता एक नि कॅमरी तीन आठवडे चार नटांवर उभी होती. स्टेपनी काढ डिकीतून. हवा आहे? दाब अंगठ्याने. आहे. लाव. नट हाताने फिरवायचे आधी, मग गाडी खाली, मग पान्याने — आणि ओळीने नाही गो! एक सोडून एक. समोरासमोर. चांदणी काढतो ना आपण कागदावर, हात न उचलता, तसं. ओळीने आवळलं की चाक वाकडं बसतं. — झालं. किती वाजले? सुरू केलं तेव्हा किती होते? अकरा मिनिटं? अगो, तुला शिकवत केलं ना, म्हणून अकरा. नाही तर आठ.

— काय लिहितेयस? आता काय राहिलं लिहायचं, यल्ला, बस गाडीत. — कुठला रकाना? वाच, मराठीत सांग. 'निरीक्षकासमोर कौशल्य करून दाखवले असल्यास' — निरीक्षक कोण? तू. कौशल्य म्हणजे — थांब. थांब गो. हे कौशल्य नव्हतं, ही मदत होती. पंक्चर झालं म्हणून — तू बघितलंस? सगळं बघितलंस? मग डोळे मिटायचे होतेस ना! — म्हणजे मी पूर्ण झाले? आठच्या आठ? आणि मला सर्टिफिकेट? आणि मग पुढच्या मंगळवारी — हां. हां. कळलं.

आणि नाही लिहिलंस तर शून्य. आणि शून्य म्हणजे कम्प्युटर.

एकच लागते ना? एकच. — मग माझं कशाला, इस्मतचं लिही! ती पण बदलते, माझ्याहून — नाही, इस्मतचं नको. तिची सासू मंगळवारशिवाय तिला दाराबाहेर सोडत नाही, ती वेडी होईल, आधीच मांजराशी बोलते. अफशाँ? अफशाँ नवी आहे, गेल्या वर्षी आली, आठ महिने रोज रडत होती, या वर्गात पहिल्यांदा हसली — बॉनेट पुन्हा बसवायला गेलो नि बसेना तेव्हा. नको. उम्म सालेह? त्यांना म्हणायला गेले तर आधी जेवायलाच बसवतील, दुसऱ्या बकरीचा जीव जाईल. — नाही गो, खोटं पण नाही लिहिणार तू, दिसतंय तुझ्या तोंडावर. पुण्याची आहेस.

रडत नाहीये मी. घाम आहे. — तुला ठाऊक आहे, निकाहनामा सोडला तर माझ्या नावाचा एक कागद नाही घरात. दोघा पोरांची सर्टिफिकेटं मी भिंतीला लावलीत, उमैरची, धाकटीची, धाकटीचं तर तिसऱ्या यत्तेतल्या धावण्याचंसुद्धा आहे. त्यांच्या खाली जागा आहे थोडी. फ्रीजच्या वर. — असं कर, लिही. माझंच लिही. मैमुना. नुसतं उमैरची अम्मी लिहू नकोस, मैमुना हुसेनमियाँ पण नको, बापाचं नाव लिही — मैमुना फकरुद्दीन. त्यांनीच शाळेत घातली होती मला, नापास झाले तेव्हा म्हणाले होते, 'मास्तराला काय कळतं.' मोठ्या अक्षरात लिही. हां, दाखव. 'फ'ला टिंब-बिंब काय ते बरोबर आहे ना? बरोबर आहे.

म्हणजे वर्ग राहिला ना? नक्की? शपथ घे. — राहिला. झालं मग. अकरा जणींना संध्याकाळी सांगते, मेल्या मला आधी शिव्या घालतील, मग रडतील, मग उरलेला भात पाठवतील. — आणि विभा, जाताना एक सांग. त्या नोटीस बोर्डावर पुढच्या सत्राचा कागद लावलाय ना, 'महिलांसाठी नळदुरुस्ती, आठ आठवडे' — त्यात आठवा धडा कुठला असतो गो? — नाही, असंच विचारलं.

हे घे, केक घेऊन जा तू. पूर्ण खोका ने, वाटेत खा, मला आता नको. फूल मी बिघडवलंय, माफ कर. — हॉर्न वाजला ऐकलास? दोनदा आखूड, एकदा लांब. आलेच हे, गेटवर. जा तू पुढे, ऐंशीच्या वर जाऊ नको त्या स्टेपनीवर, आणि पोचलीस की आईला फोन कर, जेवलीस सांग. जा, जा, मागे बघू नकोस, ते बघतायत.

— आले हो, आले! किती तो हॉर्न! — ती? ती पुण्याची. तपासायला आली होती. — पास झाले. — नाही, केक नाही आज. — हे? हे चॉकलेट नाही, ग्रीस आहे. — घरी सांगते सगळं. मुनाफपासून सुरू करते. आधी वाटेत बकाल्याशी, त्या किराणावाल्याशी थांबवा, तांदळाचं पीठ घ्यायचंय, पाच किलो. — मला नाही हो. तुम्हाला.